सेलरी

मंगफच्या मागच्या गल्लीत, जुम्म्याच्या सकाळी,
कुंजुमोनच्या बकाल्यात मी विचारलं,
सेलरी आली का?
तो मान वर न करता म्हणाला, कुणाचीच नाही आली.
मग हातानंच दाखवली: हिरवी, जाड दांड्यांची,
कोथिंबिरीची उंच, अबोल चुलतबहीण.
ती होती. फ्रीजच्या तळाशी, अर्धी मऊ पडलेली,
तीनशे फिल्सना.

इव्हानो, जाताना तू कागद दिला नाहीस,
नुसते हात हलवून सांगितलंस,
वेल्डिंगची शिवण तपासायचास तसा
एक डोळा मिटून.
गाईचं मांस, म्हणालास, थोडं डुकराचं, पेलाभर वाइन.
त्यातल्या दोन गोष्टी या देशात मिळत नाहीत
आणि एक आमच्या घरात शिजत नाही.
उरलं काय?
कांदा, गाजर, ही सेलरी, आणि थांबणं.
थांबणं माझ्याकडे भरपूर आहे.
मार्चपासून साठवलंय.

तर बारीक चिरतो, तुरीच्या डाळीएवढं.
कांदा लाल होऊ द्यायचा नाही,
हे हाताला काही केल्या पटत नाही.
आमचा कांदा खरपूस, काठाला करपत आलेला.
हा नुसता काचेसारखा होत जातो,
पगाराचं विचारायला ऑफिसात गेलेल्या माणसासारखा:
सगळ्यांना त्याच्यातून पलीकडचं दिसतं.

बोकडाचा खिमा टाकला. पाणी सुटलं.
पाणी आटलं.
मग आला तो आवाज, चरचर,
मांस स्वतःच्या चरबीत उतरल्याचा.
हा मात्र इचलकरंजीतही असाच येतो.
वाइनच्या जागी डाळिंबाचा रस आणि चमचाभर व्हिनेगर,
टोमॅटो, आणि शेवटी दूध.
मटणात दूध!
आईनं पाहिलं असतं तर पातेल्यासकट
मला दाराबाहेर काढलं असतं.

आता तीन तास.
बाहेर धूळ उठलीय, इथे तिला तूझ म्हणतात,
खिडकीच्या फटीला ओला टॉवेल कोंबलाय,
रिफायनरीची ज्वाळा दिसते, सोललेल्या मोसंबीएवढी.
पातेलं मधूनच एक बुडबुडा सोडतं,
झोपेत कूस बदलल्यासारखा.
समोर कांदा-लसूण मसाल्याचा डबा.
झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं.
या वर्षी एवढं तरी
ठरवल्यासारखं होऊ दे.

पाच वाजता वृंदाचा फोन.
फीच्या तारखेचं तिनं काढलं नाही,
नुसतं विचारलं, काय चाललंय?
म्हटलं, सेलरी घातलीय.
आली? ती म्हणाली.
आवाज एकदम असा उजळला,
की मागे कुणीतरी ट्यूब लावली वाटावं.
मला दुरुस्त करायला चार सेकंद लागले.
मग आम्ही दोघं हसलो,
तिच्यापेक्षा मी जरा जास्त वेळ.

दिलावर परकार ड्यूटीवरून आला,
भुवयांवर धूळ, बूट न काढताच पातेल्यात डोकावला.
पास्त्याकडे बघितलंही नाही. खुब्जचा तुकडा मोडून बुडवला,
डोळे मिटून चघळला, वकिलासारखा.
खिमाच आहे, म्हणाला,
फक्त आपलं नाव विसरलेला.
आणि माझ्या देखत, माझ्याच डब्यातून,
दोन चमचे मसाला आपल्या ताटात कालवला.
मी काही बोललो नाही.
त्यानं तीनदा घेतलं.

रात्री फोटो पाठवला तुला.
उत्तर लगेच आलं: फार लाल. पण वाईट नाही.
खाली थोड्या वेळानं अजून एक शब्द:
पैसे?
तुझाही हिशेब अडकलाय म्हणजे.
तिकडे कदाचित पाऊस असेल, किंवा नसेल,
मी विचारलं नाही.
पातेलं भिजत घातलं.

सेलरीची पानं उरली होती.
टाकवली नाहीत.
पेल्यात पाणी घालून ओट्यावर उभी केलीत.
उद्या आमटीत घालून बघेन.